मंडळी देवाच्या वचनापासून दूर जाऊ लागली तर

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सलग चार रविवार एकच संदेश झाला: जो अधिक दान देईल, त्याचे आजार आणि कर्ज देव लवकर दूर करील. माझ्या शेजारी बसलेल्या विधवा मावशींनी औषधांसाठी रुमालाच्या गाठीत बांधून आणलेले पैसे दानाच्या थैलीत टाकले, आणि त्या दिवशी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस, घेताना माझा हात जड झाला. मंडळी सोडणे सोपे होते. परंतु बायबलमधील मत्तय 18:15 मध्ये प्रभू येशू प्रथम एकांतात जाऊन दोष दाखवण्यास सांगतो, म्हणून मी हा संदेश देणाऱ्या पाळकांच्या घरी गेलो आणि बायबलमधील नीतिमान ईयोबाचे दुःख हे त्याच्या अविश्वासाचे फळ नव्हते, हे त्यांच्यासोबत शास्त्रातून वाचले. ते रागावले. मग मंडळीतील दोन ज्येष्ठांना घेऊन पुन्हा गेलो. बिरुया नगरातील लोकांनी प्रेषित पौलाचे शिक्षणही दररोज शास्त्रात पडताळून पाहिले, आणि अंत्युखिया नगरात पौलाने येशूचा शिष्य असलेल्या खुद्द पेत्राला सर्वांसमोर अडवले. तेव्हा असे विचारणे हे बंड नव्हे, अशी माझी खात्री आहे. आता आम्ही सहा कुटुंबे बुधवारी ईयोबाचे पुस्तक अध्यायवार वाचतो आणि पाळकांसाठी नाव घेऊन प्रार्थना करतो. मावशींच्या औषधांचा खर्च आम्ही वाटून घेतला आहे.