मक्याची राखण, न्यू जर्सीत

कणसातल्या दाण्याला नख लावलं की दुधासारखा रस उडतो, तेव्हा मका तयार. अडचण एवढीच, की हे आपल्याला कळायच्या आदल्या रात्री रकूनला, म्हणजे इथल्या मांजराएवढ्या, रात्री फिरणाऱ्या जनावराला, कळलेलं असतं. सकाळी बघावं तर ताटं आडवी, कणसांची सालं ओरबाडलेली आणि प्रत्येक कणसाचे चार-दोन घास खाऊन बाकीचं मातीत. पोटभर खाऊन गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण हे जनावर चाखतं आणि टाकतं. पिल्लांसकट आलं तर परसातला छोटा वाफा दोन-तीन रात्रींत आटपतो.

उपाय बरेच आहेत. माझ्याकडे शेवटी टिकला तो एकच: जमिनीलगत विजेच्या दोन तारा. आपल्याकडे रानडुकरांसाठी ज्याला झटका मशीन म्हणतात, तेच हे, फक्त आकाराने लहान. तारा ओढायला अर्धा दिवस पुरतो. काम फसतं ते दोनच ठिकाणी: कुंपण उशिरा लावलं म्हणून, किंवा अर्थिंग कच्चं राहिलं म्हणून.

तार ओढायच्या आधी चोर कोण ते मात्र बघावं, कारण ही तार सगळ्यांना लागू पडत नाही. ताट खाली ओढून मोडलेलं आणि साल सोललेली असेल तर रकून; ओल्या मातीत पुढच्या पंजाचा ठसा लहान मुलाच्या हातासारखा, पाचही बोटं सुटी दिसतात. ताट उभंच आहे, पण कोवळी पानं आणि कणसांची टोकं फाडून खाल्लीत, तर हरीण. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे कड स्वच्छ कापलेली नसते, ताणून तोडल्यासारखी दिसते. अख्खं कणीस दिवसाढवळ्या गायब झालं आणि कुरतडून जवळच्या झाडाखाली सापडलं, तर खार. फक्त टोकाची साल पिंजून वरचे दाणे टोचलेले असतील तर पक्षी, बहुतेक ब्लॅकबर्ड. लहान रोपं बुंध्यापासून खाल्लेली असतील तर ग्राउंडहॉग, म्हणजे बिळात राहणारा जाडजूड कुरतडणारा प्राणी. आणि नुकता उगवलेला कोंब उपटून बाजूला पडलाय, खालचा दाणा नाहीसा, तर कावळा किंवा चिपमंक, म्हणजे छोटी पट्टेरी खार.

रात्रभर लावलेला रेडिओ, लुकलुकणारे दिवे, न्हाव्याकडून आणलेले केस, मिरचीचा फवारा: यांतलं काही पहिल्या दोन-तीन रात्री चालतं. नंतर धोका नाही हे रकूनच्या लक्षात येतं आणि ते रेडिओ ऐकत जेवतं. मिरचीचं पाणी जुलैतल्या एका वादळी सरीत धुऊन जातं. भोपळ्याच्या खरखरीत वेलात रकून पाय ठेवत नाही, असंही इथे फार ऐकू येतं. मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावायची इथल्या मूळ रहिवाशांची पद्धत जुनी आहे आणि मातीसाठी चांगलीही आहे. राखणीसाठी तिच्यावर विसंबू नये. आपलं बुजगावणं आणि गोफण दिवसाच्या पाखरांसाठी, रात्रीच्या पाहुण्याला त्याचं काय!

पिंजऱ्यात पकडून लांब सोडून यायचं, हा मला सगळ्यात वाईट उपाय वाटतो. अनेक राज्यांत तो बेकायदा आहे आणि त्याला सबळ कारण आहे. १९७७मध्ये वेस्ट व्हर्जिनियात रकूनांमध्ये रेबीज सापडला. शिकारीसाठी आग्नेयेकडच्या राज्यांतून आणून सोडलेल्या रकूनांबरोबर तो आला, आणि तिथून न्यू जर्सीसकट पूर्व किनाऱ्यावर वर वर पसरत गेला. शिवाय एक रकून नेलं की दुसरं येतं, आणि पिंजऱ्यात कित्येकदा शेजाऱ्यांचं मांजर नाहीतर स्कंक, म्हणजे घाबरलं की दुर्गंधी फवारणारं जनावर, बसलेलं असतं. स्कंकला बाहेर कसं काढायचं, हा प्रश्न मक्यापेक्षा मोठा.

आता वाफा. मक्याचं परागीभवन वाऱ्यावर होतं; तुऱ्यातले कण खालच्या केसांवर पडले नाहीत तर कणीस बोडकं राहतं. म्हणून एक लांबच लांब ओळ न लावता चौकोनी वाफा करायचा, निदान ४ ओळींचा. कुंपणही त्यामुळे कमी लागतं. माझं माप असं: ४ ओळी, दोन ओळींत ३० इंच, दोन ताटांत १० इंच, ओळीत १५ ताटं. एकूण ६० ताटं, म्हणजे साधारण ६० चांगली कणसं. ताटावरचं दुसरं कणीस बहुधा बारीक निघतं. वाफा झाला साडेसात बाय १२ फूट. चारी बाजूंनी ३ फूट सोडून तार, म्हणजे कुंपण साडेतेरा बाय १८, आणि घेर ६३ फूट. हे ३ फूट वाचवायचा मोह होतो. वाचवू नयेत. ऑगस्टच्या वादळात ताट कललं आणि ओलं पान तारेला टेकलं की झटका पानातून जमिनीत उतरतो. लाकडी कुंपण किंवा झाडाची फांदी जवळ असेल तर रकून त्यावर चढून आत उडी मारतं, तिथूनही तेवढंच अंतर हवं.

पेरणी मेच्या मध्यानंतर, माती ६० अंश फॅरनहाइटला आल्यावर. अतिगोड वाणांना ६५ लागतात, थंड मातीत त्यांचं बी कुजतं. दाणा इंच-दीड इंच खोल. पेरल्या दिवशीच मी ओळींवर अर्ध्या इंची जाळी पसरते, कडा मातीत दाबून, म्हणजे चिपमंकला उकरता येत नाही. कोंब जाळीला टेकले की जाळी काढून पातळ पांढरं कापड कमानींवर टाकायचं. रोप ५-६ इंचांचं झालं आणि बी संपून मूळ धरलं, की कावळ्याला उपटण्यात रस उरत नाही. कापड तेव्हा काढायचं.

कुंपणाच्या सामानात फायबरग्लासच्या १० काठ्या (चार कोपरे, लांब बाजूंना मध्ये दोन-दोन, आखूड बाजूंना एकेक), तार अडकवायच्या क्लिपा, पॉलीवायर, झटका मशीन आणि अर्थिंगचे रॉड. पॉलीवायर म्हणजे प्लॅस्टिकच्या दोऱ्यात विणलेले स्टीलचे बारीक धागे. गाठ मारताना धातूला धातू टेकला पाहिजे. नुसती प्लॅस्टिकची गाठ बसली तर कुंपण दिसायला पूर्ण आणि निम्मं मेलेलं. काम दोन पदरांचं आहे, त्यामुळे १५० फूट तार घ्यावी.

पहिली तार जमिनीपासून ६ इंचांवर, दुसरी १२ इंचांवर. रकूनची लोकर दाट असते, पाठीला तार घासली तर त्याला काही कळत नाही. झटका बसायला हवा तो नाकाला, नाहीतर पुढच्या पंजांना, आणि या दोन उंचींवर तेच आधी येतं. जमीन खोलगट असेल तिथे जादा काठी ठोकून तार खाली घ्यायची. खालची फट ६ इंचांहून मोठी झाली की ते सरळ खालून जातं. दोन्ही तारा एका जागी आडव्या तुकड्याने जोडायच्या, म्हणजे वरच्या तारेतही वीज येते. आत जायच्या जागी स्प्रिंगची मूठ लावली तर ती अशी, की मूठ काढल्यावर हातातली बाजू निर्जीव व्हावी. उलटी लावली तर जिवंत तार गवतात पडते.

मशीन छोटं पुरतं. ०.१ ते ०.५ ज्यूलचं, कमी रोधाचं (लो इम्पीडन्स, म्हणजे थोडं गवत टेकलं तरी दाब टिकवणारं) घ्यावं. खोक्यावर ‘इतके मैल’ लिहिलेलं असतं त्याकडे लक्ष देऊ नये, तो आकडा गवताचं पातंही न टेकलेल्या एकेरी तारेचा. मशीन साधारण सेकंदाला एकदा, अगदी क्षणभर, उच्च दाबाचा ठोका सोडतं. मधल्या वेळात तार मोकळी असते, म्हणून जनावर मागे उडी मारून सुटू शकतं. घरातली वीज थेट तारेत सोडली तर ही मोकळीक राहत नाही. महाराष्ट्रात शेताभोवती अशा थेट सोडलेल्या विजेने माणसं आणि वाघ मेले आहेत. मशीनशिवाय तारेला प्लग लावायचाच नाही. इथे काही टाउनशिपमध्ये आणि बऱ्याच वसाहतींच्या नियमांत विजेचं कुंपण चालत नाही, तेव्हा आधी विचारून घ्यावं आणि तारेवर पिवळी पाटी लावावी.

सगळ्यात जास्त फसतं ते अर्थिंग. वीज मशीनमधून तारेत, तारेतून जनावरात, त्याच्या पायातून मातीत, मातीतून रॉडमध्ये आणि परत मशीनकडे, असा पूर्ण फेरा व्हावा लागतो. पाऊस झाल्यावर हा फेरा झक्क होतो. ऑगस्टमध्ये दहा दिवस कोरडे गेले की वरची माती वीज नेईनाशी होते, आणि नेमका मका तेव्हाच भरतो. मी जस्त चढवलेले ६ फुटी दोन रॉड एकमेकांपासून १० फुटांवर ठोकते आणि दोन्ही एकाच तारेने मशीनच्या अर्थ टोकाला जोडते. क्लॅम्पही जस्ताचेच, तांबं आणि जस्त एकत्र आलं की सांधा गंजतो. घराच्या अर्थिंगला हे जोडायचं नाही आणि त्याच्या जवळही ठोकायचं नाही. ठोकायच्या आधी ८११ला फोन करावा, गॅसची आणि विजेची लाइन कुठून गेली आहे ते येऊन फुकट आखून देतात. कोरड्या आठवड्यात रॉडपाशी रोज एक बादली पाणी.

तारेखाली गवत वाढू नये म्हणून लोक जाड पेंढा किंवा प्लॅस्टिकचं कापड अंथरतात. गवत जातं खरं, पण कोरड्या पेंढ्यावर उभ्या रकूनचे पाय मातीला लागत नाहीत, फेरा तुटतो आणि तार नाकाला लागूनही झटका बसत नाही. त्यामुळे तारेखालची पट्टी उघडीच ठेवावी आणि गवत दर आठवड्याला कापावं. फारच कोरडी जागा असेल तर तारेच्या बाहेरच्या अंगाला फूटभर रुंद कोंबडीजाळी जमिनीवर सपाट अंथरून ती रॉडला जोडायची. रकून जाळीवर उभं राहतं आणि फेरा पूर्ण होतो, माती कितीही कोरडी असो.

तपासणीला कुंपणाचा टेस्टर हवा, घरगुती मीटर या दाबाने जळतो. ४,००० व्होल्टच्या वर आकडा असेल तर ठीक, ३,०००च्या खाली आला तर कुठेतरी गळती आहे. अर्थिंग तपासायला लोखंडी सळईने तार मुद्दाम जमिनीला टेकवायची आणि रॉडवर टेस्टर लावायचा. ३००च्या वर दाखवला तर अजून एक रॉड लागेल. गळती शोधायला अंधार पडल्यावर कुंपणाभोवती शांतपणे फिरावं. जिथे टिक-टिक ऐकू येते, तिथे पान तरी टेकलेलं असतं किंवा क्लिप तरी चिरलेली असते.

वेळेचं गणित कणसाच्या केसांवरून मांडायचं. केस दिसल्यापासून साधारण १८ ते २३ दिवसांत कणीस तयार होतं, कडक उन्हाळ्यात थोडं लवकर. केस दिसले त्या आठवड्यातच तार चालू झाली पाहिजे, म्हणजे पहिली गाठ झटक्याशी पडते, दाण्याशी नाही. चव कळल्यावर कुंपण लावलं तर रकून ते ओलांडायचे मार्ग शोधत बसतं, आणि त्याच्याकडे अख्खी रात्र असते. पहिल्या आठवड्यात वरच्या तारेला दर ३-४ फुटांवर अॅल्युमिनियम फॉइलची पट्टी दुमडून आत थोडं पीनट बटर लावते. हुंगायला नाक पुढे आलं की धडा मिळतो. तार चोवीस तास चालू. ग्राउंडहॉग दिवसा फिरतो म्हणून एक, आणि माझं मशीन सोलर आहे, त्याची बॅटरी ढगाळ हवेत कुठवर उतरते ते टेस्टरच्या आकड्यावरून रोज कळतं म्हणून दुसरं. सोलर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, मक्याच्या सावलीबाहेर. जूनमध्ये बरी वाटलेली जागा जुलैत सहा फुटी ताटांच्या सावलीत गेलेली असते.

हरणासाठी तिसरी तार ३० इंचांवर, तिलाही फॉइल. हरीण ७-८ फूट सहज उडतं, पण एवढ्याशा बंद चौकोनात उडी घ्यायला बिचकतं, म्हणून छोट्या वाफ्याला एवढं चालून जातं.

खारीपुढे ही सगळी वीज व्यर्थ, ती उडी मारून तारांमधून निघून जाते. तिथे टेप कामी येते. फायबरचे धागे असलेली पार्सलची टेप घेऊन कणसाच्या देठाच्या इंचभर वर एक वेढा घ्यायचा, तोच पुढे ताटाभोवती, आणि परत कणसाच्या टोकाच्या इंचभर खाली दुसरा. साल सोलता येत नाही आणि कणीस ताटापासून ओढूनही निघत नाही. ६० कणसांना दीडेक तास जातो. पक्ष्यांसाठी केस तपकिरी पडल्यावर कागदी पिशवी, खाली रबरबँड लावून. आधी घातली तर पराग अडतो. प्लॅस्टिकची नको, आत घाम धरून बुरशी येते.

वाफ्याजवळ, ओंडक्यावर किंवा झाडाच्या बुंध्याशी रकूनची विष्ठा एकाच जागी साठलेली दिसली तर तिला हात लावू नये. तिच्यात गोलकृमीची अंडी असू शकतात, ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि पोटात गेली तर मेंदूपर्यंत पोचू शकतात. ताजी असतानाच हातमोजे आणि मास्क घालून फावड्याने पिशवीत भरावी, मग जागेवर उकळतं पाणी ओतावं. ब्लीचने ही अंडी मरत नाहीत.

केस वाळून तपकिरी झाले, टोकाशी कणीस बोटांना भरीव लागलं, की एक साल बाजूला करून नख लावून बघायचं. पाण्यासारखा रस आला तर दोन दिवस थांबायचं. दुधासारखा आला तर उद्यावर न टाकता त्याच संध्याकाळी काढायचं. पडलेली, अर्धवट खाल्लेली कणसं तेव्हाच उचलायची, उघड्या कंपोस्टवर टाकायची नाहीत. शेवटचं कणीस निघेपर्यंत तार चालू ठेवते. मग ती रिळावर गुंडाळून, मशीन पूर्ण चार्ज करून, बटण बंद करून तळघरात.