आठशे वाट्या

रात्रीचे साडेअकरा झालेत, झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. छोटीचं म्हणजे माझ्या नणंदेचं लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, आठव्या दिवशी आहे, कार्यालय झालं, बट्टीचा आचारी झाला, पत्रिका छापायला गेल्या, आणि आता घरात एकच विषय, येणाऱ्यांना रिटर्न गिफ्ट द्यायचं का, आणि द्यायचं तर काय. हे काम आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्यावर सोपवलंय, म्हणून मला ते नीट करायचंय.

दुपारी चोपड्याला जाऊन भांड्यांच्या दुकानात बघून आले. स्टीलची वाटी, वर दोघांची नावं टाकून पासष्ट रुपये. आठशे माणसं धरली तर बावन्न हजार. अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, आकडा ऐकला आणि काहीच बोलले नाहीत, उठून गोठ्याकडे गेले. गेल्या जूनच्या सुरुवातीला वादळ आलं तेव्हा दोन एकरांतली केळी आडवी झाली होती, तीन हजाराच्या आसपास खोडं, घड कापणीला यायला महिनाभर राहिलेला. त्यातून अजून पूर्ण बाहेर आलो नाहीये आम्ही. छोटीला हे सगळं माहीत आहे, तरी तिच्या मैत्रिणींच्या लग्नात काही ना काही दिलंय, आपल्यात काहीच नाही असं तिला वाटतं आणि ते मला चुकीचं वाटत नाही, चोवीस वर्षांची मुलगी आहे, लग्न एकदाच होतं.

पण माझ्या लग्नातले डबे मला आठवतात. पप्पांनी सोसायटीचं कर्ज काढलेलं असताना सहाशे डबे वाटले, झाकणावर आमच्या नावाचं स्टिकर. मागच्या वर्षी धुळ्याला मावशीकडे माळ्यावरून काहीतरी काढायला चढले तर तो डबा खोक्यासकट तिथे, शेजारी आणखी चार लग्नांचे, एकही उघडलेला नाही. मावशीची चूक नाही, ती एकटी राहते, तिला किती डबे लागणार? पण पप्पांनी तेव्हा रात्री बसून पैसे मोजलेले मला दिसले आणि मी गुपचूप खाली उतरले.

आणि तरी भांडं देणं वाईट असंही नाही म्हणता येत. आमच्या देवघरात पितळेचा तांब्या आहे, त्यावर ठोकून नाव घातलंय आणि साल १९८४, आईंच्या आत्याकडून आलेला, आजही रोज त्याच तांब्याने तुळशीला पाणी जातं. तेव्हा घरात भांडी मोजकीच होती, एक आलं तरी खरोखर कामाला यायचं, आणि देणाऱ्याला माहीत असायचं की हे कुणाच्या घरी चाललंय. आठशे सारख्या वाट्यांमध्ये ते कुठून येणार. ब्लाऊज पीस आणि टॉवेल-टोपीचं पण तेच झालंय, या घरातून त्या घरात, त्या घरातून तिसऱ्या, घडी कधी मोडतच नाही.

दिराने रोपं सुचवली. मनापासून आवडली मला कल्पना, पण मे महिन्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, बंद गाडीत तीन तास ठेवलेलं रोप नाशिकपर्यंत तरी जगेल का, ते पावसाळ्यातल्या लग्नाला ठीक. मग कुणीतरी म्हटलं केळीच द्या, २०१६ ला जळगावच्या केळीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ना. पण पिकलेली केळी त्या उन्हात संध्याकाळपर्यंत काळी पडते, आणि कच्ची देऊन पाहुण्याने करायचं काय.

संध्याकाळी आजेसासूबाई ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "भांडा ते समदासना घरमा शेतस. पाव्हनाले शिदोरी दे." म्हणजे भांडी तर सगळ्यांच्या घरात आहेत, पाहुण्याला शिदोरी दे. मी तिथेच बसून राहिले. कारण आखाजीला मी माहेरी जाते आणि परत निघताना मम्मी पिशवी भरते, सांजोऱ्या म्हणजे सांजा भरून तळलेल्या गोड पुऱ्या, पापड, ज्वारीचे बिबडे, लोणच्याची बरणी, आणि मी नको नको म्हणते तरी ती गाडी सुरू होईपर्यंत काहीतरी आत कोंबत असते. त्या पिशवीतली एकही गोष्ट माझ्याकडे कधी पडून राहिलेली नाही. मग लग्नाला आलेल्या पाहुण्याला तशीच का पाठवू नये?

आई लगेच हिशोबाला लागल्या आणि त्यांनीच मुख्य गाठ सोडवली, शिदोरी माणशी नसते, घरामागे असते. आठशे माणसं म्हणजे बाहेरगावची साधारण तीनशे घरं. गावातल्यांना दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाचा प्रसाद घरोघर पोचवायचा, म्हणजे कुणाला वगळलं असं व्हायला नको, अण्णांना त्याचीच काळजी होती. बिबडे द्यायची माझी फार इच्छा होती, तीन दिवस ज्वारी भिजवून, दळून, शिजवून, खाटेवर ओल्या कापडावर थापलेला बिबडा शहरात कुठे मिळतो, पण आईंनी एक पिशवीत घालून मोटारसायकलवर शेतापर्यंत नेऊन आणायला सांगितला आणि परत आला तेव्हा चुराच होता. त्यामुळे सांजोऱ्या. तशाही आखाजीच्या, आणि नीट तळल्या तर चार-सहा दिवस राहतात. घरामागे चार धरल्या तर बाराशे.

बाराशे सांजोऱ्या म्हणजे गल्लीतल्या दहा-बारा बायका दोन दिवस, भट्टीपाशी, त्या उन्हात. आई म्हणतात मी पण त्यांच्याकडे हात लावायला जातेच की. खरंय, पण मला ते तेवढ्यावर सोडायचं नाहीये. वाट्यांचे जे पैसे वाचतायत त्यातून या बारा जणींना प्रत्येकी एक चांगलं सुती पातळ द्यायचं, मांडवात बोलावून, हळद-कुंकू लावून, आणि रंग त्यांनी स्वतः निवडायचा. याबद्दल मी आईंशी पहिल्यांदाच जरा जोरात बोलले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, तेरा घे, कोपऱ्यावरची म्हातारी लाटायला येत नाही पण गाणी तीच म्हणते.

राहिली पिशवी. पातळ प्लास्टिक तर द्यायचंच नाही, २०१८ पासून बंदी असूनही लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कार्यालयामागे काय उडत असतं ते बघवत नाही. आपण कापूस पिकवणारी माणसं, तर मांजरपाटाचीच शिवायची, गावातल्या दोघी शिवणकाम करतात त्यांना विचारलंय. वर छोटीचं आणि जावईबापूंचं नाव आणि तारीख, एका रंगात. नाव हवंच असं तिला वाटतं तर असू दे, मलाही वाटायचं.

जेवणं झाल्यावर जुन्या उशीच्या अभ्र्याची एक पिशवी शिवून बघितली. सांजोऱ्या अजून नाहीत म्हणून चार भाकरी घडी घालून आत ठेवल्या, बसल्या बरोबर. छोटी बराच वेळ काही बोलली नव्हती, वाट्या गेल्याचं तिला थोडं लागलंच असणार. तिने पिशवी घेतली, खांद्याला लावून आरशात बघितलं, आणि म्हणाली, "वहिनी, चार बोटं अजून मोठी कर ना, नंतर बाजाराला नेता येईल."