संत जोसेफचं बिल आणा म्हणे

आमच्या चर्चमधल्या सामानाचा विमा अखेर उतरला. माझा राग मात्र अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय. तुमच्याही देवळात, दर्ग्यात किंवा चर्चमध्ये जुन्या मूर्ती, चित्रं, पितळेचं सामान असेल आणि मीटिंगमध्ये कोणी सहज म्हणून गेलं असेल की "याचा विमा काढून टाका", तर आधी हे वाचा.

चर्च इंग्रजांच्या काळातलं. आत वेदीमागे दोन रंगीत काचांच्या खिडक्या, दगडी बाप्तिस्मा-कुंड, पितळी मेणबत्ती-स्टँड, चांदीचा चालीस, म्हणजे मिस्साच्या उपासनेतला प्याला (आतून सोन्याचा मुलामा, जुन्या पद्धतीप्रमाणे), संत जोसेफची माणसाएवढी मूर्ती आणि दोन्ही भिंतींवर क्रूसाच्या वाटेची (येशूच्या शेवटच्या प्रवासाची) चौदा चित्रं, सागवानी चौकटीत. चित्रं हाताने रंगवलेली नाहीत, छापील आहेत. पण त्या छपाईलाही आता शंभर वर्षं होऊन गेलीत आणि आमच्या तीन पिढ्यांनी उपवासकाळातला प्रत्येक शुक्रवार त्यांच्यासमोर गुडघे टेकलेत.

यादी करायचं काम सोपं गेलं, त्यावर फार लिहीत नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत १२८३ वं कलम आहे. कारभार हाती घेणाऱ्याने मौल्यवान वस्तूंची नीट यादी करून तिच्यावर सही करावी, असं ते सांगतं. नवीन फादरांनी आल्या आल्या ते मनावर घेतलं. मी टॉवेल कारखान्यात आयुष्यभर स्टॉक मोजलेला माणूस, त्यामुळे माळ माझ्या गळ्यात. खाली चादरी अंथरल्या (सोलापुरात चादरींना काय तोटा), चित्रं उतरवली, पुढून-मागून फोटो काढले. 'ऑब्जेक्ट आयडी' म्हणून एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, १९९७ पासूनची. चोरीला गेलेली वस्तू पोलिसांना ओळखता यावी म्हणून काय काय टिपून ठेवायचं ते तिच्यात ठरवलेलं आहे: प्रकार, साहित्य, मापं, कोरलेली अक्षरं, खास खुणा, विषय, काळ, कर्ता. आम्ही तसंच केलं. जोसेफच्या पायाशी मागच्या बाजूला बॅटरी तिरकी धरल्यावर झिजलेली अक्षरं दिसली, त्यातलं 'म्युनिक' तेवढं लागलं. फोटो काढताना बॅटरी समोरून मारू नका, बाजूने मारा. भेगा आणि अक्षरं सावलीमुळे दिसतात.

म्युनिकचं नाव तिथे कसं, याचं आम्हाला नवल वाटलं नाही. पुणे धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या हाताखालचा विभाग, १८८६ साली झाला तेव्हा या भागात जेजुइट या कॅथलिक संघाचे जर्मन फादर होते, आणि म्युनिकला त्या काळी चर्चच्या मूर्ती आणि काचा बनवणारे मोठे कारखाने होते. तिथला माल जगभर जायचा. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन फादरांना नजरकैदेत टाकलं आणि पुढे मायदेशी पाठवून दिलं. तेव्हा कोणी काय मागवलं, पैसे कोणी भरले, हे विचारायलाही माणूस राहिला नाही.

आता विमा कंपनीत चला.

कंपनीचं नाव घेत नाही. शाखेत काउंटरवर चुणचुणीत मुलगा होता, बोलायला गोड. आमची यादी, फोटोंची फाइल बघून म्हणाला, "काका, भारी काम केलंय. बिलं जोडा फक्त."

"कसली बिलं?"

"परचेस बिलं. मूर्तीचं, त्या कुंडाचं. बिल नंबर टाकल्याशिवाय सिस्टीम पुढेच जात नाही."

मी त्याला महायुद्धापर्यंतचं सगळं सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मग डुप्लिकेट बिल मिळेल का?"

बिलाच्या रकान्यात 'उपलब्ध नाही' असं लिहून तो अडसर एकदाचा पार झाला, तर तारखेवर गाडी अडली. १९०० च्या आधीची तारीख त्यांच्या फॉर्ममध्ये बसेना. "१ जानेवारी १९०० टाकू का? कोण बघतंय?" बघतात. नुकसानभरपाई मागायला जाल तेव्हाच बघतात. विम्याचा करार पूर्ण विश्वासावर चालतो आणि खोटी माहिती दिली म्हणून दावा फेटाळायचा त्यांना हक्क असतो. मी तसं टाकू दिलं नाही. मुलाचा चेहरा पडला, पण आमचीच माणसं मला म्हणाली, "जाऊ दे की, काय फरक पडतो." याचा मला जास्त राग आला.

मग आमची टोलवाटोलवी सुरू झाली. पुरातत्त्व खात्याचं पत्र आणा म्हणाले. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि काही ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते, हे खरं. पण नोंदणीचा कागद वस्तूची किंमत ठरवून देत नाही, आणि यांना हवी होती किंमत. मग म्हणाले, सरकारमान्य व्हॅल्युअरचा, म्हणजे किंमत ठरवून देणाऱ्याचा, रिपोर्ट आणा. सोलापुरात जागेचे आणि दागिन्यांचे व्हॅल्युअर हवे तितके मिळतात, कलावस्तूंचा मला एकही सापडला नाही. शेवटी दागिन्यांचेच एक गृहस्थ आले. वजनकाटा घेऊन आले! मेणबत्ती-स्टँड काट्यावर चढवले आणि पितळेच्या मोडीचा भाव लावला. चालीसला चांदीचा भाव लावला, मुलामा धरला नाही. बाप्तिस्मा-कुंडाला हात लावून विचारलं, "दगड कुठला?" जोसेफपाशी आल्यावर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "यांचं काय करायचं?" पायाचा टवका उडालाय तिथे आत पांढरं प्लास्टर दिसतं, म्हणून रिपोर्टमध्ये लिहिलं, 'प्लास्टर मूर्ती, जुनी, किंमत नगण्य.' फी मात्र घेतली.

तो रिपोर्ट मी सादर केला नाही. फी पाण्यात गेली असं खजिनदार अजून म्हणतात. म्हणू देत. तो सादर केला असता तर उद्या मूर्ती कोसळल्यावर कंपनीने मला तोच 'नगण्य' शब्द वाचून दाखवला असता.

या सगळ्यात जे कोणीच सांगितलं नाही ते मला पॉलिसीच्या बारीक अक्षरांत सापडलं. आगीच्या नेहमीच्या पॉलिसीत दहा हजार रुपयांवरच्या कलावस्तू धरलेल्या नसतात, पॉलिसीत त्यांचा वेगळा उल्लेख केला असेल तरच धरतात. म्हणजे बिल, तारीख, रिपोर्ट सगळं जमलं असतं आणि वस्तू नावानिशी लिहिल्या नसत्या, तरी हाताला काही लागलं नसतं. हे काउंटरवर पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती? विचारलं, तर मुलगा म्हणाला, "काका, ते वर्डिंग मी पण पूर्ण वाचलेलं नाही." प्रामाणिक होता बिचारा, पण मला त्या क्षणी एसीतही घाम फुटला. बाहेर मे महिन्याचं सोलापूर तापलेलं होतंच.

मार्ग निघाला तो त्याच शाखेतल्या एका ज्येष्ठ मॅडममुळे. त्यांनी फाइल बंद केली आणि एकच विचारलं, "ही मूर्ती पडली तर तुम्ही काय कराल? विकत आणाल का?"

"छे. दुरुस्त करून घेऊ."

"मग दुरुस्तीचा अंदाज आणा. बाजारभाव कशाला शोधताय?"

बस, एवढंच होतं. पुण्याच्या एका मूर्ती-दुरुस्तीतल्या जाणकाराकडून जोसेफचा लेखी अंदाज घेतला. चौकटींचा आमच्या सुतार अण्णांकडून, काचांचा काच-काम करणाऱ्याकडून, स्टँडचा तांबटाकडून. वर्षाच्या जागी 'अंदाजे' लिहायला परवानगी मिळाली, सोबत फादरांच्या लेटरहेडवर दोन ओळींचा दाखला. ते आकडे आम्ही आणि कंपनी दोघांनी मान्य करून पॉलिसीत 'मान्य मूल्य' म्हणून लिहिले, म्हणजे नुकसान झाल्यावर घसाऱ्याची (वस्तू जुनी म्हणून पैसे कापण्याची) घासाघीस नको. मान्य मूल्य लिहून घेतलं नाही आणि आकडा कमी लावला, तर काय होतं तेही ऐका. चार लाखांची वस्तू दोन लाखांना उतरवली आणि एक लाखाचं नुकसान झालं, तर हातात पन्नास हजार येतात. विमा अर्ध्या किमतीचा, म्हणून भरपाईही अर्धीच. हप्ता वाचवायला गेलात की हे होतं.

क्रूसाच्या वाटेवरून मात्र मॅडमशीही वाद झाला. चौदा चित्रांचा आकडा आम्ही लावला होता. फादर म्हणाले, खरी गरज चित्रांची नाहीच, चौकटीवरच्या लहान लाकडी क्रूसांची आहे. चित्रं जळाली तरी क्रूसाची वाट राहते, क्रूस गेले की जाते. मग चौदा क्रूस वेगळ्या ओळीत आले. अण्णांनी त्यांचा जो अंदाज दिला, त्याहून जास्त आमच्या झेरॉक्सचा खर्च झाला होता. मॅडम हसल्या, पण ओळ ठेवली.

एक मागेच सांगायचं राहिलं. फोटो काढण्याआधी पितळ चिंच-मीठ लावून लखलखीत करायचा मोह होतो, विशेषतः महिला मंडळाला. हात जोडून सांगतो, करू नका. कोरलेली नावं आधीच झिजलेली असतात, घासून उरलेलीही जातात. आणि मूर्तीला रंग द्यायचा विचार असेल तर रंगारी बोलवण्याआधी बिशपांची लेखी परवानगी लागते. त्याच कायदेसंहितेतलं ११८९ वं कलम तेच सांगतं. आमच्याकडे जोसेफच्या झग्याला ऑइलपेंट मारायचा बेत एका सणाला जवळजवळ पक्का झाला होता.

चोरीचं वेगळं. आगीच्या पॉलिसीत चोरी येत नाही, तिची पॉलिसी निराळी आणि तिला कुलूप-दार फोडल्याचा पुरावा लागतो. उघड्या कपाटातून चालीस गेला तर काही मिळत नाही. म्हणून चालीस आता तिजोरीत असतो. आणि फोटोंसकट यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. आमच्याकडे एका उत्साही मुलाने टाकली होती, ती काढायला लावली.

घंटा यादीत नाही. वर चढून तिचं माप घ्यायला अजून कोणी तयार झालेलं नाही.

पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळीही गाफील राहू नका. या वर्षी नवी पॉलिसी वेळेवर आली, पण वस्तूंच्या यादीचं पान जोडलेलंच नव्हतं, आणि ते नसेल तर आपण पुन्हा त्या दहा हजारांवर येतो. शाखेत गेलो. काउंटरवर तोच मुलगा. मला बघून म्हणाला, "काका, जोसेफवाले ना?" पान जोडून, त्यावर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय मी खुर्चीवरून उठलो नाही.