कोतवालबुकातली आमची माणसं

आज दिवसभर तहसीलच्या अभिलेख कक्षात होते. खटाव तालुक्यातलं आमचं गाव आणि हातात 1918 सालचं कोतवालबुक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. सगळं मोडी लिपीत. आधी ओळभर शिरोरेषा ओढलेली, मग तिला लोंबणारी अक्षरं, दोन शब्दांत फट म्हणून नाही. मोडीचा वर्ग केला होता, म्हणून निदान नावं लागली.

ऑक्टोबरचं पान उलटलं आणि बोट थांबलं. एकाच आठवड्यात आमच्या घरातल्या चार नोंदी. पणजोबांचे आई-वडील, थोरला भाऊ, आणि 'मुलगी, वय 2'. तिचं नावच नाही. रोगाच्या रकान्यात ताप, खाली ताप, पुन्हा ताप. मानमोडीची, म्हणजे 1918 च्या इन्फ्लुएंझाची साथ! पानाच्या मध्यावर अक्षरही बदललंय. लिहिणाराच आजारी पडला असेल का?

आजी सांगायची, पणजोबांना मामानं वाढवलं. का, ते तिलाही कधी कुणी सांगितलं नव्हतं. आज कळलं.

घराणं शोधणाऱ्यांनो, सातबारा-फेरफारावर थांबू नका. तिथे जमिनीचे वारस सापडतात, लहानपणी गेलेली लेकरं नाही. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्याही बघा, आपल्याकडचं कुणी तिथे गेलं असेल तर पिढ्यांची नावं मिळतात. मीही आता जाणार आहे.

बाहेर येऊन आत्याला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दोन वर्षांची होती म्हणजे बारसं झालं असणार गं. काहीतरी हाक मारत असतीलच ना तिला."