ऑक्टोपस, ऑक्सफर्ड आणि वरीचे तांदूळ

रोज सकाळी सातच्या सुमाराला, पहिला चहा उतू जायच्या बेतात असताना, मी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन ओळी टाकतो. ‘ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. रक्त निळं असतं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं असतं.’ दुसऱ्या दिवशी, ऑक्सफर्डला १०९६ साली शिकवणं चालू होतं आणि अ‍ॅझटेकांची राजधानी वसली ती १३२५ मध्ये. तिसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियातला वॉम्बॅट, ज्याची लेंडी चौकोनी ठोकळ्यासारखी पडते. (हे टाकू नये असं बायकोचं मत होतं. लोक पोहे खात असतात.) या तिघांचा आपसात काडीचा संबंध नाही, आणि मला मजा त्याचीच वाटते. आत्याचं म्हणणं, ‘याच्यापेक्षा गुलाबाची फुलं पाठवणारे परवडले.’

खोड जुनी आहे. लहानपणी सारसबागेत गेलं की खाऱ्या दाण्यांची पुडी मिळायची. दाणे दोन मिनिटांत संपायचे. खरी मेजवानी नंतर. पुडी हलक्या हातानं उलगडायची, मांडीवर सपाट करायची, मिठाचे कण झटकायचे आणि वाचायचं. कधी कुणाची तरी भूगोलाची उत्तरपत्रिका, कधी मासिकाचं पान, कधी पंचांग. एकदा निघालं, ‘उंटाच्या मदारीत पाणी नसून’, आणि पुढे कागद फाटलेला. पाणी नाही, मग काय? वडिलांना विचारलं तर म्हणाले, ‘दाणे संपले ना? चल.’ मदारीत चरबी असते हे कळायला मला पुढे दोन इयत्ता लागल्या. तेवढे दिवस तो कागद कंपासपेटीत होता. पुढे पुड्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि माझं शिक्षण थांबलं.

ज्ञान असं सांडलेलं ज्यांना बघवत नाही, ती माणसं कोश करतात. डॉ. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचं काम नागपुरात सुरू केलं आणि मग बिऱ्हाड पुण्यात हलवलं. एकूण २३ खंड, त्यातले पहिले पाच नुसते प्रस्तावनेचे! माणूस मूळचा इकडचा नसेल, पण पाणी लागायला वेळ लागला नाही. तरी गंमत अशी, की एवढी शिस्त लावूनही शेवटी सगळं रचायचं अकारविल्हेच. आणि अकारविल्हे म्हटलं, की ऑक्टोपसच्या मांडीला मांडी लावून ऑक्सफर्ड बसतं, पलीकडे ऑक्सिजन. म्हणजे कोश झाला तरी आतून पुडीच. फक्त फाटलेली नसते.

आमच्या ग्रुपवर मामा आहेत. मामा नारायण पेठेत राहतात आणि उत्तर एकाच शब्दात देतात : ‘संदर्भ?’ मी एकदा लिहिलं, शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो. स्वतःभोवती फिरायला त्याला २४३ दिवस लागतात, सूर्याभोवती २२५. मामांचं उत्तर आलं, पहिल्यांदाच लांबलचक. ‘दिवस म्हणजे कोणता? एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत धरलास तर शुक्रावर सुमारे ११७ दिवस होतात, म्हणजे वर्षाच्या निम्मेच. तो उलटा फिरतो, हे विसरलास.’ मी पडताळून पाहिलं. मामा बरोबर होते. त्या दिवसापासून मेसेज टाकण्याआधी मी एकदा नारायण पेठेच्या दिशेनं बघून घेतो.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. याच ग्रुपवर ‘युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं’ हा मेसेज दर सहा महिन्यांनी येतो. युनेस्कोनं असं काही कधीच ठरवलेलं नाही. पण त्याला चौदा नमस्कार पडतात आणि मामासुद्धा संदर्भ मागत नाहीत. अभिमानाला संदर्भ लागत नाही. ऑक्टोपसला मात्र लागतो.

मग यंदाची आषाढी आली. पालख्या पुण्यातून पुढे जाऊन दिवस झाले होते आणि माझ्या डोक्यात घोळत होतं, की ज्ञानेश्वरी १२९० सालची आणि मिरची इथे आली पोर्तुगीजांबरोबर, म्हणजे १४९८ नंतर. माउलींनी मिरची पाहिलीच नाही! तिथून गाडी पुढे गेली. सकाळी सातला लिहिलं : ‘साबुदाणा होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. बटाटाही तिथलाच, मिरचीही अमेरिका खंडातली. उपासाची खिचडी परदेशी आहे.’ दाण्याचा कूटही तिकडचाच, पण चौथी ओळ होत होती म्हणून गाळला.

काकूचा फोनच आला. ‘अरे, रात्री अर्धा किलो भिजत घातलाय मी. हे आता सांगतोस? काल सांगायचं!’

‘काकू, काही बिघडत नाही गं. खा तू.’

‘बिघडत कसं नाही? मग कांद्यानं काय घोडं मारलंय?’

मला उत्तर सुचेना. तोवर ग्रुपवर मामांनी भर घातली होती : ‘जिरंही मूळचं इथलं नाही. पश्चिम आशिया.’ कुणीतरी लिहिलं, तूप तेवढं आपलं. भाच्यानं विचारलं, साबुदाणा ऑनलाइन मागवला तर कस्टम ड्यूटी पडते का. त्याला सांगितलं, बाबा, तो तमिळनाडूत सेलमकडे होतो. मग काकूनं लिहिलं, ‘हे सगळं यायच्या आधी लोक एकादशीला काय करत होते?’

मामा टाइप करत असल्याचं बराच वेळ दिसत होतं. शेवटी उत्तर आलं.

‘उपास.’

त्यानंतर दुपारपर्यंत ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. खिचडी सगळ्यांनी खाल्ली असणार. आमच्याकडे तर दोनदा झाली.

पुढच्या एकादशीला माझ्या आधी, पावणेसातलाच काकूचा मेसेज आला. फोटोसकट. पांढरीशुभ्र, वाफाळणारी वरी, शेजारी वाटीत आमटी आणि त्यावर तुपाचा गोळा विरघळत आलेला. खाली लिहिलं होतं, ‘वरी आपलीच आहे, मामांना विचारून घेतलंय. साबुदाणा नाही, बटाटा नाही, मिरचीऐवजी मिरं घातलंय. आता बोल.’

आमटी दाण्याची होती. मी अंगठा पाठवला आणि चहाकडे बघायला गेलो.