लिहून देणार, लिहून घेणार

बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीतली बोलाचाली मराठी-कन्नडात चालते, पण पुण्याची किंवा बंगळूरची कास्टिंगची, म्हणजे ओतीव लोखंडी भागांची, ऑर्डर आली की करार इंग्रजीतच. तो लिहायला बसतो माझ्यासारखा मराठी माध्यमातला माणूस. मग 'हिअरइनआफ्टर', 'नॉटविथस्टँडिंग' यांची वरात निघते. जड शब्द घातले की कागद पक्का होतो, अशी आपली एक समजूत!

शाळेत इंग्रजी निबंधाला मार्क मिळायचे ते शब्द बदलून लिहिल्याबद्दल. करारात नेमकं उलटं. पहिल्या कलमात 'गुड्स', तिसऱ्यात 'प्रॉडक्ट्स', सातव्यात 'मटेरियल' लिहिलं, की वस्तू तीन आहेत असं म्हणायला समोरचा वकील मोकळा. 1872 च्या करार कायद्यात कलम 29 खाली एक झकास उदाहरण आहे. शंभर टन तेल विकायचं ठरलं, पण कसलं तेल ते लिहिलंच नाही; करार रद्दबातल. पण विकणारा फक्त खोबरेलाचाच व्यापारी असेल, तर करार टिकतो! तेव्हा वस्तू कोणती ते नेमकं कळलं की झालं; तोकडा शब्दसंग्रह इथे पथ्यावरच पडतो. आमच्याकडच्या जुन्या मराठी खरेदीखतांतही 'लिहून देणार' (विकणारा) आणि 'लिहून घेणार' (विकत घेणारा) शेवटच्या ओळीपर्यंत तेच राहतात. (वाक्य मात्र पानभर लांब, ते सोडा.)

खरी गोम कर्मणी प्रयोगात. कास्टिंगच्या पोटात ब्लो होल, म्हणजे ओतताना वायू अडकून राहिलेली पोकळी, असला तर तो बाहेरून दिसत नाही. मशीनवर चढवून वरचा थर निघाला की उघडा पडतो, आणि तोवर मशीनिंगचा खर्च झालेला असतो. करारात काय, तर 'डिफेक्टिव्ह कास्टिंग्ज शाल बी रिप्लेस्ड.' कोणी बदलून द्यायची? किती दिवसांत? मशीनिंगचे पैसे कोणाच्या माथी? वाक्यातून कर्ताच पसार. मी 'सप्लायर'ला धरून पुढे आणला आणि एकेक काम त्याच्या नावावर टाकलं. चार आखूड वाक्यं झाली. मालकांनी वाचली आणि साशंक होऊन म्हणाले, "हे समजतंय की! मग वकिलाला दाखवलास की नाही?"

त्यांचं तरी काय चुकलं? न समजणारा कागद म्हणजेच कायद्याचा कागद, ही सवय फार जुनी. खुद्द इंग्लंडात 1362 साली कायदा करावा लागला की कोर्टातला युक्तिवाद इंग्रजीत करा, फ्रेंच भाषा लोकांना कळत नाही. लोकांना कळणाऱ्या भाषेत कागद द्या, हे गाऱ्हाणं सीमाभागातल्या माणसाला काही नवीन नाही.

बाकी 'शाल' हा वकिली वळणाचा शब्द काढून साधा 'मस्ट' घाला, असा हट्ट मी धरत नाही. समोरच्या वकिलाला तेवढं समाधान राहू दे.