भरती करून घेणाऱ्या सिस्टर, घरी पाठवणाऱ्याही त्याच

माझ्या दादाला बायपोलर डिसॉर्डर आहे, म्हणजे मन कधी अति उत्साहाकडे तर कधी खोल नैराश्याकडे झुकतं. आजार जुना आहे आणि घरात आता त्याबद्दल कुणी दबक्या आवाजात बोलत नाही. मनोविकार विभागात त्याला पूर्वी एकदा ठेवावं लागलं होतं. या वेळी नैराश्य इतकं खोल गेलं की पुन्हा ठेवावं लागलं. दोन्ही वेळा वहिनी आणि मी सोबत होतो. रुग्णालयं वेगवेगळी होती, डॉक्टर दोन्हीकडे चांगले होते. मोठा फरक पडला तो एका नेमणुकीमुळे. दुसऱ्या ठिकाणी रुग्णाची भरती आणि डिस्चार्ज एवढ्याच कामासाठी नेमलेल्या एक सिस्टर होत्या.

पहिल्या वेळी तीच हकिकत आम्ही आधी तातडीच्या विभागात सांगितली, मग केसपेपरच्या खिडकीवर, मग निवासी डॉक्टरांना, मग वॉर्डात आणि ड्युटी बदलल्यावर पुन्हा वॉर्डात. प्रत्येक वेळी दादा शेजारी मान खाली घालून बसलेला. वॉर्डातल्या सिस्टरांना मी बोल लावणार नाही. औषधांची वेळ झालेली, कुणी रुग्ण बेचैन झालेला, त्यातच ही नवी भरती. त्या उभ्या उभ्या जेवढं विचारू शकत होत्या, तेवढं त्यांनी विचारलं. डिस्चार्ज तर अचानकच ठरला. सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणाले आणि संध्याकाळी कागद हातात आला. त्यावर नव्या औषधांची नावं होती, पण आधीच्यांपैकी कुठली चालू ठेवायची आणि कुठली बंद करायची याचा उल्लेख नव्हता. जुन्या गोळ्यांचं काय करायचं हे कुणी सांगितलं नाही. त्या कपाटातच राहिल्या.

या वेळी सिस्टर स्वतः खाली आल्या. आधी दादाला आपलं नाव सांगितलं, मग आम्हाला. "आत्ता मला तुमच्याशिवाय दुसरं काम नाही, सावकाश बोला," असं त्या म्हणाल्या. त्या पाळीत त्यांच्याकडे वॉर्डातला एकही रुग्ण नव्हता, म्हणून हे वाक्य त्या बोलू शकत होत्या. दार बंद होईल अशी एक लहान खोली होती. त्या आधी दादाशी एकट्याशी बोलल्या, मग आम्हा दोघींशी, शेवटी सगळ्यांशी एकत्र. आम्हाला विचारण्याआधी त्यांनी दादाची परवानगी घेतली. घरच्यांना काय सांगायचं आणि काय नाही, हे त्यानेच ठरवलं आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

एक प्रश्न त्यांनी आडवळणाने विचारला नाही. "जीव द्यावा असं वाटतं का? कसा, हेही मनात येऊन गेलंय का?" एकत्र बसल्यावर दादाच्या संमतीने त्यांनी तो आमच्यासमोर पुन्हा विचारला. वहिनी दचकल्या. पण असं थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बऱ्याच जणांना बोलायला वाट मिळते, हे संशोधनातूनही दिसलेलं आहे. दादा बराच वेळ गप्प होता आणि मग बोलला. आमच्याशी तो महिनाभर जे बोलला नव्हता, ते त्या खोलीत बोलला.

पट्टा, दाढीचं ब्लेड, चार्जरची वायर, जॅकेटची दोरी या वस्तू वॉर्डात चालत नाहीत. सामान तपासताना प्रत्येक वस्तू का काढून घेतोय हे त्या सांगत होत्या. यादी केली, तिच्यावर दादाची सही घेतली, स्वतःची केली. झडती कुणाचीही असो, अपमान वाटतोच. दादाला तो वाटू नये यासाठी त्या किती जपत होत्या, हे मी पाहिलं.

मग औषधं. वहिनींनी पिशवीभर गोळ्या आणल्या होत्या. सिस्टरांनी एकेक पाकीट बाहेर काढून मांडलं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांशी ताडून पाहिलं. त्यानंतर त्यांनी विचारलं, "डॉक्टरांना न विचारता काय घेता? डोकं दुखलं, कंबर दुखली, तर?" दादा पाठदुखीसाठी बरेच दिवस आयबुप्रोफेन घेत होता. तो लिथियमवर, म्हणजे मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधावर आहे, आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांमुळे मूत्रपिंडं लिथियम कमी बाहेर टाकतात, ते रक्तात साठत जातं. दादाचे हात थरथरत होते, पोट बिघडलं होतं, चालताना तोल जात होता. हे सगळं आम्ही अस्वस्थतेचा भाग समजत होतो, आणि तपासणाऱ्यांनीही तेच मानलं होतं. सिस्टरांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. लिथियमची पातळी एरवी शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी बघतात, पण विषबाधेची शंका असेल तर तेवढं थांबत नाहीत. सर्वसाधारणपणे ती लिटरला ०.६ ते १.० मिलीमोल या दरम्यान ठेवली जाते. दादाची १.५ च्या वर गेली होती. लिथियम थांबवलं, सलाईन लावलं, आणि पातळी उतरल्यावर कमी मात्रेत पुन्हा सुरू केलं. पाठीसाठी पॅरासिटामॉल दिलं. ही गोष्ट पाच मिनिटांच्या भरतीत निसटली असती, असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्याच दिवशी सिस्टरांनी वहिनींना विचारलं की घरी गेल्यावर दिवसा दादाजवळ कोण असेल. वहिनी गोंधळल्या, कारण दादा तेव्हा अंथरुणातून उठतही नव्हता. पण त्या कामाची रीतच तशी आहे. डिस्चार्जची तयारी भरतीपासून सुरू होते, कारण घरची व्यवस्था, कामावरची रजा, पुढची भेट, यातलं काहीच एका संध्याकाळीत जमत नाही.

या पद्धतीत मला एक उणीवही दिसली. सिस्टर रजेवर असत तेव्हा त्यांच्या जागी कुणी नसे आणि भरती पुन्हा जुन्या पद्धतीने चाले. वॉर्डातल्या एका सिस्टर असंही म्हणाल्या की रुग्णाशी ओळख व्हायची ती भरतीच्या वेळी, आणि आता तीच त्यांच्या वाट्याला येत नाही. मला ते पटलं. म्हणूनच आमच्या सिस्टर कागद पुढे सरकवून थांबत नसत. दादाला ज्या सिस्टरांच्या हाती सोपवायचं होतं त्यांना त्यांनी बोलावलं आणि सगळी माहिती दादाच्या समोरच दिली. "माझं काही चुकलं तर तुम्ही दुरुस्त करा," असं त्याला सांगितलं. दोन जागी त्याने खरंच दुरुस्ती केली. एवढं होत नसेल तर ही नेमणूक अर्धीच उपयोगाची, असं मला वाटतं.

डिस्चार्जच्या आधी दादाला काही तासांसाठी घरी सोडून पाहिलं. परत आल्यावर सिस्टरांनी कुठे अवघड गेलं ते विचारलं. मग दोघं सुरक्षा आराखडा, म्हणजे जीव द्यावासा वाटलं तर काय करायचं याची लेखी योजना, लिहायला बसले. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेल्या पद्धतीवर तो बेतलेला होता. आधी धोक्याची आपली आपल्याला कळणारी लक्षणं. मग एकट्याने काय करता येईल, कुठे आणि कुणात गेलं की मन दुसरीकडे वळतं, कुणाला उघडपणे मदत मागता येईल, कुठल्या डॉक्टरांना किंवा हेल्पलाइनला फोन करायचा. आणि शेवटी, जीव घ्यायला वापरता येतील अशा वस्तू घरातून कशा दूर ठेवायच्या. पेन दादाच्या हातात होतं. पहिल्या रकान्यात त्याने लिहिलं, "पहाटे तीनला जाग येते आणि मी फोन उचलणं बंद करतो." आमच्यापैकी कुणालाही हे असं सांगता आलं नसतं.

आराखड्यातल्या शेवटच्या मुद्द्यासाठी कपाटातल्या जुन्या गोळ्या बाहेर आल्या. त्या वहिनींनी रुग्णालयात परत आणून दिल्या. नवी औषधं थोड्याच दिवसांची दिली, कारण लिथियम जास्त प्रमाणात पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. कागदावर तीन भाग होते: नवं, बदललेलं, बंद केलेलं. सिस्टरांनी ते वाचून दाखवलं नाही, दादाकडूनच वदवून घेतलं. उलट्या-जुलाब झाले तर काय करायचं? पाठ दुखली तर काय घ्यायचं? एक उत्तर अडखळलं, तर तेवढंच पुन्हा समजावलं. पुढच्या भेटीची तारीख आणि वेळ निघण्याआधी पक्की होती. आमच्या फॅमिली डॉक्टरांना त्याच दिवशी पत्र गेलं.

नंतर मी यावर वाचत गेले. २०१७ साली शंभर अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून केलेला एक आढावा प्रसिद्ध झाला. मनोविकार विभागातून घरी गेलेल्यांमध्ये आत्महत्यांचं प्रमाण दर लाख व्यक्ति-वर्षांमागे, म्हणजे साधारण लाख जणांमागे वर्षाला, ४८४ होतं, आणि पहिल्या तीन महिन्यांत ते याच हिशेबाने १,१३२ होतं. रुग्ण बरा होऊन घरी आला म्हणून सगळे सुटकेचा श्वास सोडतात, तेव्हाच धोका सर्वांत जास्त असतो. स्टॅनली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासात, तातडीच्या विभागातून घरी जाताना असा आराखडा आणि नंतर पाठपुराव्याचे फोन मिळालेल्यांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळलं.

आम्हालाही फोन आला, घरी येऊन तीन दिवस व्हायच्या आत. सिस्टरच होत्या. आधी झोपेबद्दल विचारलं, मग हातांच्या थरथरीबद्दल, मग तोच थेट प्रश्न. दादाने सांगितलं की मदत मागायच्या यादीतला एक मित्र परगावी गेला आहे. त्यांनी त्याला फोनवर असतानाच ते नाव खोडायला लावलं आणि दुसरं कोण, असं विचारलं. त्याने माझं नाव लिहिलं.

पुढच्या भेटीत लिथियमची पातळी योग्य मर्यादेत आली होती. आता दर काही महिन्यांनी लिथियमबरोबर मूत्रपिंड, थायरॉईड आणि कॅल्शियमच्या तपासण्या होतात. आराखड्याची एक प्रत दादाच्या पाकिटात असते, एक वहिनींकडे आणि एक माझ्याकडे. नावं-नंबर बदलले की तिन्ही प्रतींत बदलतो.